इंटरनेटवर आपले गाव कोणते?



मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरे, असा मोठा बाजार तेथे उतरतो. दावणीला उभ्या असलेल्या खोंडाचे दात बघून झाले, पाठीवरून हात फिरवून झाला, की गिऱ्हाईक मालकाला पहिला प्रश्न करते, "गाव कोणतं?" नाव मागाहून विचारतात. गाव कळले म्हणजे सोयरे कळतात, कोणाजवळ चौकशी करावी ते कळते, आणि सौद्यात काही खोट निघाली तर माणूस कुठे सापडेल तेही कळते.

आता हाच खोंड मोबाईलवर आला आहे. घरातला मुलगा गोठ्यासमोर मोबाईल उभा करतो, खोंडाची चाल दाखवतो, आणि शिरूर अनंतपाळच्या गोठ्यातले जनावर सोलापूरकडच्या माणसाच्या नजरेत भरते. बचत गटाच्या बायका पापड-कुरडयांची, काळ्या मसाल्याची चित्रे टाकतात आणि पुण्याहून मागणी येते. चांगलेच आहे. पण त्या बाजारात कोणी विचारले, "गाव कोणतं?" तर आपण काय सांगतो? "इन्स्टाग्रामवर अमुक नाव टाका, सापडेल." म्हणजे तेथले आपले गाव इन्स्टाग्राम. त्या गावचा पाटील अमेरिकेत. घर कोणाला द्यायचे आणि कोणाचे काढून घ्यायचे, हे त्याच्या नियमांनी ठरते. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना भारतात तक्रार-निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि २०२३ पासून त्याच्यावर अपिलाची समितीही आहे. सोय आहे, नाही असे नव्हे. पण अर्ज-अपिले होईपर्यंत लग्नसराई निघून जाते आणि मसाला डब्यातच राहतो.

फेसबुकच्या 'मार्केटप्लेस'वर तर जनावरांची विक्री नियमातच बसत नाही. कितीतरी जणांना हे ठाऊकच नसते. आपला माल चोख, आपला व्यवहार चोख, तरी त्या गावच्या नियमात आपण बसत नाही एवढ्यावरून एखाद्या सकाळी जाहिरात गायब झालेली असते.

आणि कधी कधी अख्खे गावच उठते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती, त्या वादात आपण शिरत नाही. पण मराठवाड्या-खानदेशातल्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी पोरे-पोरी, ज्यांना तोवर गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते, त्यांनी तेथे हजारोंनी माणसे जोडली होती. ती माणसे एका रात्रीत तुटली. ज्यांना त्यांचे काम आवडत होते त्यांना "आता आम्ही इथे आहोत" असे कळवायलाही वाट उरली नाही. टिकटॉकचीच गोष्ट कशाला, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. आपल्याच देशातले 'कू', ज्यावर मराठीतही लिहिता येत होते, ते जुलै २०२४ मध्ये बंद पडले. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे नाव बदलून 'एक्स' झाले. ज्यांनी दुकानाच्या फलकावर निळी चिमणी रंगवून घेतली होती त्यांनी पुन्हा रंगारी बोलावला.

तेव्हा प्रश्न असा, की माणसे जोडायची ती कोणत्या पत्त्यावर?

याचे उत्तर आपल्या भागाला नव्याने शिकवावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्या ठिकाणी वसवली. गावठाण बदलले, घरे बदलली, गल्ल्या बदलल्या, शेजार बदलला. पण गाव आपले नाव बरोबर घेऊन गेले. मुंबईला गेलेल्या मुलाने गावाच्या नावाने टाकलेले पत्र नव्या जागी पोचले. वरची नावे तर आपल्याकडे कितीदा बदलली. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, मग स्वतंत्र जिल्हा झाला. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. पत्त्याची शेवटची ओळ बदलत गेली, गावाचे नाव टिकले.

राहण्याची जागा एक आणि नाव दुसरे. जागा सोडावी लागली तरी नाव बरोबर नेता यावे. इंटरनेटवर ही सोय ज्याने होते त्याला 'डोमेन' म्हणतात.

लातूर डॉट गव्ह डॉट इन हे डोमेन आहे, लातूरच्या जिल्हा प्रशासनाचे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे असेच स्वतःचे आहे. असे नाव सरकारला आणि विद्यापीठालाच मिळते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे नाही. 'डॉट इन' ही नावे २००५ पासून सर्वांना खुली आहेत. त्यांचा कारभार 'निक्सी' ही संस्था पाहते, आणि विक्री तिने मान्य केलेल्या कंपन्या करतात. या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. वर्षाचा खर्च साधारणपणे डीएपीच्या एका पोत्याहून कमी येतो. जगात ते नाव एकाच्याच नावावर नोंदले जाते, दुसऱ्याला घेता येत नाही.

हे नाव समाजमाध्यमावर ओळख म्हणून कसे वापरायचे, हा आजच्या लेखाचा मुख्य भाग.

विकेंद्रीकरण हा शब्द आपल्याला पंचायत राज्यामुळे माहीत आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या तेव्हा तो घरोघर पोचला. समाजमाध्यमांतही तसाच एक प्रयत्न काही वर्षांपासून चालू आहे. फेसबुकवरच्या माणसाला फेसबुकवरचाच माणूस दिसतो. याउलट विकेंद्रित माध्यमात अनेक घरे असतात, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेली, आणि ती एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. जिओच्या मोबाईलवरून एअरटेलच्या मोबाईलवर फोन लागतो, तशातला प्रकार. मोबाईलचेच उदाहरण पुढे चालवू. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी टॉवर नसला, बिल जास्त आले, तरी नंबर जाईल या भीतीने माणूस तीच कंपनी धरून बसत असे. नंतर कंपन्यांच्या बोलण्यात गोडवा आला तो उगाच नव्हे.

अशी माध्यमे आज दोन मुख्य आहेत. मॅस्टोडॉन हे २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झाले. नोव्हेंबर २०१९ च्या सुमारास, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले तेव्हा, आपल्याकडचेही बरेच लोक तेथे गेले होते. मॅस्टोडॉनवर घर बदलले तर आपल्यामागे आलेली माणसे नेता येतात, पण जुने लिखाण मागे राहते. आणि पत्त्यात घरमालकाचे नाव असते. स्वतःच्या डोमेनचा पत्ता हवा तर स्वतःचे घर बांधावे लागते, म्हणजे सर्व्हर चालवावा लागतो किंवा महिन्याला पैसे देऊन चालवून घ्यावा लागतो. शेतकरी घराला हे आजच करा असे मी सांगणार नाही.

दुसरे ब्लूस्काय. त्याची कल्पना २०१९ मध्ये ट्विटर कंपनीतच निघाली, पुढे ते वेगळे झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुले झाले. येथे डोमेन ओळख म्हणून लावणे सोपे आहे आणि त्यासाठी ब्लूस्काय पैसे घेत नाही. येथे प्रत्येक खात्याला आतून एक कायमचा क्रमांक असतो. त्याला 'डीआयडी' म्हणतात. शेताला जसा गट नंबर, तसा. आपल्यामागे येणारी माणसे या क्रमांकाशी जोडलेली असतात. क्रमांक लांबलचक आणि तोंडात न बसणारा, म्हणून वर एक नावाची पाटी लावायची. शेताला 'आंब्याचं वावर' म्हणतात तशी. आपले डोमेन म्हणजे ती पाटी. पाटी बदलली तरी गट नंबर तोच राहतो, माणसे तुटत नाहीत. आणि खात्यातला मजकूर ज्या घरात ठेवलेला असतो ते घर बदलले तरी पाटी तीच राहते.

आता कृती. हे काम मुलगा किंवा मुलगी करील, पण वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे, कारण पुढे कागद सांभाळायचे तेच आहेत.

आधी नाव ठरवा, आणि त्यात घाई करू नका. नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचे असते आणि आपल्या नावांची इंग्रजी अक्षरे हा एक तमाशाच असतो. देवणीचेच बघा. तालुका आणि जात या दोन्हींसाठी इंग्रजीत दोन प्रकारचे स्पेलिंग चालते, एकात 'व्ही', एकात 'ओ'. औशाचे तसेच. म्हणून असे नाव घ्या की फोनवर एकदा सांगितले तर समोरचा बरोबर लिहील. माळेगावच्या गर्दीत ओरडून सांगायची वेळ आली तरी "काय म्हणलात?" असे दुसऱ्यांदा विचारायला लागू नये. मधे आडवी रेघ नको, आकडे नकोत. नुसते आडनाव बहुधा कोणीतरी घेतलेलेच असते. आडनाव आणि गाव, किंवा गोठ्याचे नाव, असे जोडून पाहा.

देवनागरीतही नाव घेता येते. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' सुरू झाले आणि त्यात मराठी आहे. माझ्या मनाला ते फार आवडते. पण व्यवहाराचे बोलायचे तर ब्लूस्काय अजून देवनागरी पाटी देवनागरीत दाखवत नाही. यंत्राच्या आतल्या लिपीत तिचे भलतेच इंग्रजी रूप होते, 'एक्स एन' आणि पुढे दोन आडव्या रेघा असे काहीतरी, आणि तेच लोकांना दिसते. म्हणून पाटीसाठी 'डॉट इन' घ्यावे. हौस आणि पैसा असेल तर 'डॉट भारत' जोडीला नोंदवून ठेवावे.

नाव मोकळे आहे का ते रजिस्ट्रारच्या पानावर टाकून बघता येते. पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका, बियाण्याच्या दुकानातल्या 'योजने'सारखाच तो असतो. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती पडते ते आधी वाचा. पैसे भरताना यंत्र होस्टिंग, ईमेल, अमुक सुरक्षा, तमुक प्रसिद्धी असे दहा जोडधंदे पुढे करील. यातले काहीही आज नको. नुसते नाव हवे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या मोबाईलने करा. तालुक्याच्या गावी संगणकवाला असतो. तो म्हणतो, "काका, कशाला तुम्ही खटाटोप करता, माझ्याच खात्यात घेऊन टाकतो." त्याचा हेतू चांगला असेलही. पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि कसायला आपण, यातून काय होते ते आपल्या घराण्यांनी तीन-तीन पिढ्या कोर्टात पाहिले आहे. त्याची मजुरी त्याला द्या, नोंद आपल्या नावावर ठेवा. नाव-पत्ता खरा द्या, ओळखीचा कागद मागितला तर द्या.

नंतर ब्लूस्कायवर खाते काढा. सुरुवातीला ते आपल्याला स्वतःच्या आवारातली एक पाटी देते. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात हँडल, आणि त्यात 'आय हॅव माय ओन डोमेन' असा पर्याय आहे तो निवडा. आपले डोमेन टाकले की ते दोन ओळी दाखवते. एकीत अंडरस्कोर हे चिन्ह आणि त्याला जोडून 'एटप्रोटो' हा शब्द असतो. दुसरी 'डीआयडी' आणि बरोबरचे चिन्ह यांनी सुरू होते आणि पुढे आपला तो लांब क्रमांक असतो. आता रजिस्ट्रारच्या पानावर जा, तेथे 'डीएनएस' असे दालन सापडेल. डीएनएस म्हणजे या नावाची चावडीवरची नोंदवही. तिच्यात 'टीएक्सटी' प्रकारची नवी नोंद करा, पहिल्या रकान्यात पहिली ओळ, दुसऱ्यात दुसरी. हाताने लिहू नका, उचलून चिकटवा, कारण एक अक्षर चुकले तर काम होत नाही. जतन करा, परत ब्लूस्कायवर या आणि तपासणीचे बटण दाबा. कधी लगेच होते, कधी काही तास लागतात. झाले, की आपल्या नावाखाली आपले डोमेन दिसू लागते.

यंत्राने येथे काय केले ते समजून घ्या. "हे डोमेन माझे आहे" असे आपण म्हणालो. यंत्राने नोंदवही उघडून पाहिली आणि तिच्यात आपलाच क्रमांक सापडला. नोंदवहीत लिहिण्याचा हक्क फक्त नावाच्या धन्याला असतो, म्हणून ते पटले. निळ्या खुणेसाठी दर महिन्याला पैसे नाहीत, कोणाची शिफारस नाही.

यातूनच एक मोठा उपयोग निघतो, तोतया ओळखण्याचा. २०२४ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने नावाला संरक्षण आले. पण मोबाईलवर कोणीही उठावे, बोरसुरी डाळ म्हणून पान काढावे आणि दुसऱ्याच्या पोत्याचे चित्र लावावे, याला आडकाठी काय? गिऱ्हाईकाने खरे कोणते ते कसे ओळखायचे? डाळीच्या पुडीवर उत्पादक गटाचे डोमेन छापलेले आहे आणि समाजमाध्यमावरही तेच डोमेन नावाच्या जागी आहे, असे असेल तर दोन्ही ताडून पाहता येतात. तोतयाला चित्र चोरता येते, दुसऱ्याचे डोमेन आपल्या पाटीवर लावता येत नाही.

मात्र नाव वाचण्याची एक रीत आहे, ती घरातल्या सर्वांनी शिकून ठेवावी. डोमेन उजवीकडून वाचायचे असते. टपालाच्या पत्त्यात जिल्हा-राज्य शेवटी येते तसे. शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारी, कारण ती नावे दुसऱ्या कोणाला मिळतच नाहीत. पण 'लातूर-गव्ह' असे सुरुवातीला लिहून शेवटी भलतेच काही असेल तर ते कोणाचेही असू शकते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या शेपटाची नावे घ्यायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, ती यासाठीच. पीकविम्याच्या, केवायसीच्या नावाखाली मोबाईलवर दुवा आला की बोट लावण्याआधी त्याचे शेपूट बघा. एवढी एक सवय लागली तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.

आता गटांविषयी. एका डोमेनच्या पोटात हवी तेवढी नावे काढता येतात, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. बचत गटाने एक डोमेन घेतले तर सुमनबाईंची पाटी 'सुमन डॉट' पुढे गटाचे नाव, लक्ष्मीबाईंची 'लक्ष्मी डॉट' पुढे तेच. प्रत्येकीसाठी नोंदवहीत एकेक ओळ वाढवायची. बाहेरच्याला चटकन कळते की या दोघी एकाच गटातल्या. दहा जणींत वर्गणी केली तर एकीला वर्षाला चहा-पाण्याइतका खर्च येतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे फार सोयीचे.

पण येथेही गावकीचा धडा विसरू नये. ज्याच्या हाती डोमेनची किल्ली त्याच्या हाती सगळ्यांच्या पाट्या. अध्यक्ष बदलले, जुने अध्यक्ष रुसले आणि किल्ली घेऊन घरी बसले, असे सोसायट्यांत दप्तराच्या बाबतीत होतेच. म्हणून डोमेन गटाच्या ईमेलवर घ्यावे, किल्ली दोघींजवळ असावी, आणि बैठकीच्या वहीत तसा ठराव लिहून सह्या घ्याव्यात. सुमनबाई गट सोडून गेल्या तर त्यांची पाटी गटाकडे राहील. क्रमांक आणि माणसे मात्र त्यांचीच, दुसरी पाटी लावली की झाले. हेही आधीच बोलून घेतलेले बरे.

आता उण्या बाजू, कारण बियाण्याच्या पिशवीवरचे नुसते चित्र दाखवून विकण्याचा हा प्रकार नाही.

आपली गिऱ्हाइके आज व्हॉट्सॲपवर आहेत, फेसबुक-इन्स्टाग्रामवर आहेत, यूट्यूबवर आहेत. ब्लूस्कायवर २०२५ च्या सुरुवातीला जगभरात तीन कोटींहून अधिक खाती झाली होती, पण त्यात मराठी माणूस थोडा आणि औसा-निलंग्याचा त्याहून थोडा. व्हॉट्सॲप किंवा फेसबुक आपले डोमेन नावाच्या जागी लावू देत नाहीत. मग उपयोग काय, असे कोणीही विचारील. तर डोमेनवर एक साधे पान ठेवा, रजिस्ट्रारकडे किंवा दुसरीकडे ते फुकटही करता येते. त्यावर आपले नाव, गाव, मालाची माहिती आणि आज आपण जेथे जेथे आहोत त्या सगळ्या जागांचे दुवे. डब्यावर, पुडीवर, लग्नाच्या मांडवाच्या फलकावर, जीपच्या मागे हेच डोमेन लिहा. उद्या इन्स्टाग्रामचे खाते गेले तर पानावरचा एक दुवा बदलायचा, बाकी काही नाही. ब्लूस्कायवरची पाटी हा याच नावाचा आणखी एक उपयोग. तेथे आज गर्दी नसली तरी नाव लावून ठेवायला अर्धा तास लागतो.

दुसरे उणे असे, की विकेंद्रित म्हटले तरी सगळेच काही अजून वाटले गेलेले नाही. ब्लूस्कायवरच्या बहुतेकांचे खाते आजही त्याच कंपनीच्या घरात आहे, आणि ते कायमचे क्रमांक नोंदणारी वहीही मुख्यतः एकाच ठिकाणी ठेवली जाते. जिल्हा परिषद झाली तरी मंजुरीसाठी मुंबईला फेऱ्या चालूच होत्या, तसे समजा.

तिसरे सर्वांत कळीचे. डोमेन हे विकत मिळत नाही. आपण त्याला 'घेतले' म्हणतो, पण तो असतो ठराविक मुदतीचा पट्टा. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत पैसे भरता येतात, मुदत संपली की पुन्हा भरायचे. विसरलात तर काही दिवस सवलत असते, नंतर जबर दंड भरून सोडवता येते, आणि त्यानंतर नाव मोकळे होते. चांगले चालते नाव मोकळे होण्याची वाट बघत बसणारे लोक असतात. ते घेतात आणि आपल्यालाच दहापटीने विकायला येतात, किंवा आपल्या नावाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती लावतात. ब्लूस्कायवरची माणसे अशा वेळी तुटत नाहीत, क्रमांक शाबूत असतो. पण पाटी 'अवैध' दिसते, आणि डब्यांवर-पुड्यांवर छापलेले वाया जाते ते वेगळेच.

म्हणून नूतनीकरणाची तारीख सांभाळा. आणि येथे एक शेतकरी म्हणून हिशेब करा. ज्या तारखेला नोंदणी कराल तीच दर वर्षी पैसे भरण्याची तारीख होते. जूनमध्ये नोंदणी केली तर दर वर्षी नेमके पेरणीच्या तोंडावर, बी-खताला पैसा पुरत नसताना, हे बिल येईल आणि बाजूला पडेल. त्यापेक्षा सोयाबीन विकून झाल्यावर, दिवाळीच्या पुढे, किंवा तूर बाजारात गेल्यावर जानेवारीत नोंदणी करा. हातात चार पैसे असताना तारीख यावी. जमल्यास एकदम तीन-पाच वर्षांचे भरून टाका. मुदत संपत आल्याची पत्रे ईमेलवर येतात, त्यांत खोटीही येतात. दुवा न दाबता स्वतः रजिस्ट्रारच्या पानावर जाऊनच पैसे भरा.

शेवटी एक कागद करा. रजिस्ट्रारचे नाव, डोमेन, कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाईलवर नोंद आहे, पुढची तारीख, एवढे स्वच्छ अक्षरात लिहा. पासवर्ड वेगळ्या कागदावर, वेगळ्या पाकिटात. मोबाईल नंबर बदलला तर त्याच आठवड्यात रजिस्ट्रारकडेही बदला, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहील. पहिला कागद पासबुके, सातबारे आणि विम्याचे कागद ज्या ट्रंकेत आहेत त्याच ट्रंकेत ठेवा, आणि कुठे ठेवला ते घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवा.